थंडीतल्या निवाऱ्याचा पैसा फेब्रुवारीच्या आतच मागावा लागतो

प्रश्न असा आहे: नाशिकच्या पंचवटीतले एक मंडळ दोन हिवाळे गोदाघाटावर ब्लँकेट वाटते आहे, तरी माणसे कुडकुडतच झोपतात. बेघरांना थंडीत ऊब मिळेल असा निवारा महापालिकेने चालवावा असे मंडळाला वाटते. त्यासाठी पैसा कुठून येतो, किती लागतो, आणि तो कोणाकडे, कधी मागायचा?

आधी ‘कधी’चे उत्तर देतो, कारण बहुतेकांचे तिथेच चुकते. डिसेंबरात पारा नऊ-दहावर आला, निफाडच्या थंडीच्या बातम्या झळकल्या, की महापालिकेच्या राजीव गांधी भवनात निवेदनांची रीघ लागते. त्या वेळी तिजोरीत पैसा असला तरी तो या कामाच्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्याच्या ओळीत, नसतो, आणि लेखाशीर्षात नसलेला रुपया कोणताही अधिकारी, कितीही कळवळ्याचा असला तरी, खर्च करू शकत नाही. महापालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. खात्यांकडून पुढच्या वर्षाच्या मागण्या नोव्हेंबर-डिसेंबरात गोळा होतात, आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते महासभेत जाते. जानेवारी-फेब्रुवारीच्या या घाईत तुमचे लेखाशीर्ष शिरले, तरच पुढच्या नोव्हेंबरात निवाऱ्याचा दिवा लागतो. यंदाच्या थंडीसाठी निवेदन जरूर द्या, पण त्याच पानावर पुढच्या वर्षाच्या तरतुदीची मागणी आकड्यासकट लिहा.

यंदापुरता मार्ग सुधारित अंदाजपत्रकाचा आणि पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका शीर्षातला शिल्लक पैसा दुसऱ्यात वळवायचा. त्यासाठीही दुसरे शीर्ष आधी अस्तित्वात असावे लागते. म्हणून जाणती माणसे काहीच मिळत नसेल तर निदान टोकन तरतूद मागतात. हजार रुपयांची का होईना, ओळ छापली गेली की वर्षभरात तिच्यात पैसा वळवता येतो. ओळच नसेल तर सगळा प्रवास पहिल्यापासून. अगदी जिवावर बेतेल अशी थंडी आली तर आयुक्तांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) खाली तातडीचे अधिकार आहेत, पण चार महिने चालणारी व्यवस्था त्या अधिकारावर उभी करू नये. पुढे लेखापरीक्षणात ते अंगाशी येते, आणि पुढच्या वर्षी कोणी सही करायला धजत नाही.

आता ‘किती’. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. निवाऱ्याची इमारत भांडवली खर्चात बसते, आणि भांडवली खर्चाला पैसा मिळतो. कोनशिला बसते, फीत कापली जाते. निवारा चालवण्याचा खर्च महसुली असतो, तो दरवर्षी द्यावा लागतो आणि त्याची कोनशिला होत नाही. म्हणून इमारती बांधून तयार असतात आणि रात्री कुलूप असते. तुम्ही मागायचा आहे तो चालवण्याचा पैसा.

केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत ५० जणांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले होते. हा आकडा अजूनही अनेक टिपण्यांत जसाच्या तसा उतरवला जातो. तो कसा अपुरा आहे ते पाहा. निवारा चोवीस तास उघडा असायला हवा, म्हणजे आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला २१ पाळ्या. एक काळजीवाहक आठवड्यात सहा पाळ्या करतो. २१ ला ६ ने भागले की साडेतीन येतात. म्हणजे तीन काळजीवाहकांवर निवारा चालत नाही, चार लागतात. तीनच नेमले की कोणाची साप्ताहिक सुट्टी असेल त्या रात्री दार बंद, नाहीतर तोच माणूस सोळा तास जागा. दोन्हीचा परिणाम एकच, पहाटे तीनला कोणी आजारी पडले तर बघणारा कोणी नसतो.

मासिक वेतन १५,००० रुपये धरू. तुम्ही टिपण कराल तेव्हा किमान वेतनाचा चालू दर घाला. त्यावर भविष्य निर्वाह निधी, त्याला जोडलेला विमा आणि प्रशासकीय आकार मिळून १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये, कर्मचारी राज्य विमा ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ४८७, बोनस ८.३३ टक्के म्हणजे सुमारे १,२५०. एका माणसाचे महिन्याला १८,६८७ रुपये होतात. चौघांचे वर्षाला ८ लाख ९७ हजार. जुन्या निकषातले ६ लाख इथेच संपले, आणि अजून ना वीज आली ना साबण.

पुढे चला. एक सफाई कामगार याच दराने, २ लाख २४ हजार. एक व्यवस्थापक २०,००० वेतनावर, सगळे धरून (निधी आणि बोनस १५,००० वरच मोजून) २ लाख ८६ हजार. वीज-पाणी महिन्याला १५,००० धरले तर १ लाख ८० हजार. साबण, फिनेल, धुलाई, फवारणी माणशी रोज ८ रुपये, वर्षाचे १ लाख ४६ हजार. ब्लँकेट १३० नग, ५०० रुपयांचे, दोन हिवाळे टिकतात असे धरून वर्षाला ३२,५००. गाद्या ६०, दीड हजाराच्या, तीन वर्षे टिकतात, वर्षाला ३०,०००. किरकोळ दुरुस्ती आणि औषधे १ लाख. बेरीज सुमारे १८ लाख ९६ हजार. पन्नासच्या पन्नास खाटा रोज भरल्या तर एका माणसामागे एका रात्रीचा खर्च १०४ रुपये. तीसच माणसे आली तर १७३ रुपये. यात जेवण नाही, भाडे नाही. जागा महापालिकेची आहे असे धरले आहे.

थंडीचा जादा खर्च वेगळा मांडा, वर्षाच्या खर्चात मिसळू नका. १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी बरोबर १२० रात्री होतात. बेघरांना निवाऱ्यात आणायला रात्री नऊ ते एक फिरणारी गाडी, रात्रीला २,५०० प्रमाणे ३ लाख. तिच्यावर दोन कार्यकर्ते, प्रत्येकी ७०० प्रमाणे १ लाख ६८ हजार. पन्नास जणांना रात्री गरम खिचडी, ताटामागे ४० रुपये, २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ८ हजार. हा आकडा स्वतंत्र असला की पैसे कमी पडताना काय कापले जाते आहे ते सगळ्यांना दिसते. एकत्र असला की सगळ्यात आधी गाडी बंद होते, आणि गाडी बंद झाली की जे स्वतः चालत येऊ शकत नाहीत तेच बाहेर राहतात.

पैशाच्या वाटा. उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली, त्यामुळे ‘केंद्राचा निधी आला की बघू’ या उत्तरावर थांबू नका. निवाऱ्याची जबाबदारी योजनेबरोबर संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक याप्रमाणे बारमाही, चोवीस तास चालणारे निवारे हवेत असे सांगितले. पुढे २०१६ मध्ये निवाऱ्यांची स्थिती तपासायला न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समितीही नेमली. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन हे पालिकांचे काम म्हणून लिहिलेले आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने सुमारे १५ निवारे लागतात, आणि शहर तेव्हापासून किती पसरले ते पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत कोणीही पाहू शकतो. टिपणात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा: लागतात किती, आणि आज रात्री प्रत्यक्ष उघडे किती.

मुख्य भार महापालिकेच्या स्वनिधीवरच पडणार. त्याला जोड म्हणून महिला व बालकल्याणाची ५ टक्के आणि दिव्यांगांची ५ टक्के राखीव तरतूद आहे. तिच्यातला पैसा पुष्कळदा मार्चअखेर पडून राहतो. महिलांचा स्वतंत्र कक्ष, त्यांची काळजीवाहक, रॅम्प, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची एवढे त्यातून करून घेता येते. पण पुरुषांच्या निवाऱ्याचे वीजबिल त्यात घुसवू नका, पहिल्याच लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) खाटा, लॉकर, धुलाई यंत्र, सौर बंब यांच्यासाठी मागा, पगारासाठी मागू नका. कंपनीचे मंडळ दरवर्षी नवा विषय निवडते, आणि ज्या वर्षी ते दुसरीकडे वळते त्या वर्षी काळजीवाहक रस्त्यावर येतो. आमदार निधीचेही तसेच, वस्तू आणि बांधकाम. वित्त आयोगाच्या अनुदानाकडे लोक आशेने बघतात, पण १५ व्या आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना दिलेला पैसा हवा, पाणी, घनकचरा यांना बांधलेला होता. शीतलहर ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आहे, तो दरवाजा जिल्हाधिकारी कार्यालयाचा. मात्र हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली यावे लागते आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरावे लागते, किंवा थेट ४ अंशांपर्यंत उतरावे लागते. घाटावर ओल्या फरशीवर झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतायला १२ अंशही पुरतात. त्यामुळे निवारा उघडण्याची अट तापमानाशी कधीच जोडू देऊ नका, तारखेशी जोडा.

मागणीला वजन येते ते मोजणीने. ‘शहरात शेकडो बेघर आहेत’ या वाक्यावर एक रुपया निघत नाही. मोजणी रात्री अकरा ते तीन या वेळात, सगळीकडे एकाच रात्री, दोघादोघांच्या जोड्यांनी करायची. आठवड्याने पुन्हा एकदा. एकादशी, अमावास्या, मोठा सण या रात्री टाळा, घाटावरची संख्या फुगते. झोपलेल्याला उठवायचे नाही, तोंडावर टॉर्च मारायचा नाही. कागदावर एवढेच: पुरुष, स्त्री, मूल, वृद्ध, उघड आजारी किंवा दिव्यांग, आणि अंगाखाली काय होते. हा शेवटचा रकाना बहुतेक नमुन्यांत नसतो, तो घाला. फरशी, पुठ्ठा, गोणपाट, गादी यावरून थंडी कोणाला किती लागते आहे ते कळते, आणि स्थायी समितीत तो रकाना वाचून दाखवला की सभागृह शांत होते.

ठिकाणांची यादी आधी फिरून पक्की करा. रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत दोन्ही काठ, गौरी पटांगण, निमाणी, मध्यवर्ती बसस्थानक आणि मेळा स्थानक, मुंबई नाका ते द्वारका उड्डाणपुलाखालचा पट्टा, शालिमार-भद्रकाली, मार्केट यार्ड, नाशिकरोड रेल्वे स्थानकाबाहेरचा भाग, सातपूर-अंबडचे मजूर नाके. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात झोपलेले रुग्णांचे नातेवाईक वेगळ्या रकान्यात घ्या. त्यांनाही थंडी वाजते, पण त्यांची गरज वेगळी आहे, आणि ती संख्या बेघरांत मिसळली की खाते पूर्ण यादीच नाकारते. तिसरा गट पेठ, सुरगाणा, हरसूलकडून द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या आदिवासी मजुरांचा. ऑक्टोबर छाटणीपासून ते येतात, नाक्यावर उभे राहतात, काम मिळाले नाही तर तिथेच पडतात. पाड्यावर त्यांचे घर असते, म्हणून ‘हे बेघर नाहीत’ असे सांगितले जाते. शहरात त्या रात्री डोक्यावर छप्पर नाही, एवढे निवाऱ्यासाठी पुरे आहे.

मोजणीतून जागा ठरते, आणि जागा चुकली की बाकी सगळे वाया. शहराच्या कडेला स्वस्त जमिनीवर बांधलेला निवारा अर्धा रिकामा राहतो आणि मग ‘लोकांनाच यायचे नाही’ असा शेरा पडतो. रामकुंडाजवळचा माणूस तिथे का राहतो? तिथे अन्न मिळते, दशक्रियेला आलेले लोक काही देतात, पहाटे पाणी असते. त्याला चार किलोमीटर दूर नेले तर सकाळची भाकरी जाते. नाक्यावरच्या मजुराला सात वाजता नाक्यावर उभे राहायचे असते. माणूस आज जिथे झोपतो तिथून पंधरा मिनिटे चालण्याच्या आत निवारा हवा. या हिशेबाने पंचवटी, जुने नाशिक-द्वारका, नाशिकरोड आणि सातपूर या चार ठिकाणी लहान निवारे एका मोठ्या निवाऱ्यापेक्षा जास्त भरतात. सिंहस्थाच्या तयारीत घाटावरून, पुलाखालून माणसे हलवली जातात. त्या काळातल्या तात्पुरत्या निवाऱ्याची मागणीही याच टिपणात, वेगळ्या परिच्छेदात घाला. पर्वणीच्या आदल्या आठवड्यात ती कोणी ऐकणार नाही.

जागा बरोबर असूनही लोक येत नाहीत, त्याची कारणे दारातच दिसतात. भंगार वेचणाऱ्या बाईची गोणी म्हणजे तिची उद्याची कमाई. गोणी बाहेर ठेवा म्हटले की ती गोणीजवळच झोपणार. हातगाडीवाल्याचेही तेच. दाराशी शेड आणि साखळी-कुलपाची कडी, आत माणशी एक लॉकर, हा खर्च खाटेइतकाच महत्त्वाचा आहे. नवराबायकोला दोन ठिकाणी पाठवले तर दोघेही बाहेर राहतात, म्हणून निदान चार-पाच कुटुंबांसाठी पडद्यांची का होईना खोली हवी. आधार कार्डाची सक्ती अजिबात नको. नाव सांगेल ते नाव, नसेल तर नोंदवहीत क्रमांक. ओळखपत्र नंतर निवाऱ्यानेच काढून द्यायचे असते. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा अजून लागू आहे, त्यामुळे गाडी आली की लोक पळतात. गाडीवर पोलीस नसावा, आणि निवाऱ्याच्या दारात धरपकड होणार नाही हे पोलीस ठाण्याशी आधी लेखी ठरवून घ्यावे.

आणि दारू. ‘मद्यपींना प्रवेश नाही’ ही पाटी बहुतेक निवाऱ्यांवर असते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला गरम वाटते आणि अंगातली उष्णता मात्र झपाट्याने निघून जाते. थंडीत मरण्याचा धोका सगळ्यात जास्त त्यालाच, आणि नेमका तोच दारातून परत जातो. दाराजवळ, काळजीवाहकाच्या नजरेसमोर, दोन-तीन खाटांचा वेगळा कोपरा ठेवा. आत पिणे बंद, पिऊन येणे चालेल. पालथे किंवा पाठीवर झोपू द्यायचे नाही, कुशीवर झोपवायचे, दर अर्ध्या तासाने बघायचे. हा नियम करारात लिहून घ्या, नाहीतर पहिल्या भांडणानंतर पाटी परत येते.

ऊब कशी येते हे निविदेत तपशिलाने लिहा, कारण ‘आवश्यक साहित्य’ असे लिहिले की पातळ चादरी येतात. नाशिकच्या थंडीला खोलीत हीटर लागत नाहीत. दोन किलोवॅटचा हीटर आठ तासांत १६ युनिट खातो आणि सगळी ऊब छताला जाते. थंडी खालून येते. फरशीवर टाकलेले ब्लँकेट माणसाच्या वजनाने दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि ते कागदासारखे होते. म्हणून आधी लोखंडी खाट, जमिनीपासून फूटभर वर, तिच्यावर रेक्झिनच्या खोळीची चार इंची फोमची गादी, आणि माणशी दोन ब्लँकेट, प्रत्येकी दोन किलोच्या आसपास. लाकडी खाटा नकोत, सांध्यांत ढेकूण बसतात. दाराला आतून जाड पडदा, खिडकीची फुटलेली काच नवी, फटींना पट्टी. पण सगळे बंद करू नका. छताजवळची झडप उघडीच राहिली पाहिजे, कारण एका खोलीत पन्नास माणसे असताना क्षयरोग पसरतो. दोन खाटांत तीन फूट अंतर, आणि शेजारच्या दोघांची डोकी विरुद्ध टोकांना. माणशी ५० चौरस फुटांचा निकष यासाठीच आहे.

शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली आत नेऊ देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसे झोपेतच जातात. मोबाइल चार्जिंगला पन्नास जण एकाच पट्टीवर तुटून पडतात, तिथून आग लागते. म्हणून दहा-बारा पॉइंट द्या, आणि त्यांना वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका.

आंघोळीचे पाणी ही चैन नाही, खरुज आटोक्यात ठेवायचा तोच मार्ग आहे. माणशी १५ लिटर कोमट पाणी धरले तर पन्नास जणांना ७५० लिटर. १८ अंशांचे पाणी ४० वर आणायला रोज सुमारे १९ युनिट लागतात. सौर बंबाचे ६० अंशांचे पाणी थंडात मिसळले तर साधारण ४०० लिटर पुरते, म्हणून ५०० लिटरचा बंब मागा. बोअरचे जड पाणी त्यात घालू नका, दोन वर्षांत नळ्या बुजतात. खरुजेला ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून पायांपर्यंत, एकाच रात्री खोलीतल्या सगळ्यांना. एकालाच लावले तर आठवड्यात परत येते. ज्या ब्लँकेटची धुलाई लगेच होणार नाही ती पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवायची.

धुलाईचे गणित निविदेत कधीच नसते. शंभर ब्लँकेट दर १४ दिवसांनी धुवायची तर रोज सात. एक ब्लँकेट दोरीवर दीड मीटर जागा घेते, हिवाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणजे २१ मीटर दोरी आणि उन्हाची गच्ची. ती नसेल तर धुणे बंद पडते आणि जानेवारीत सगळे साहित्य फेकावे लागते. ५० खाटांना १३० ब्लँकेट धरली ती यासाठीच.

आता करार. निवारा सहसा स्वयंसेवी संस्थेला स्वारस्य अभिव्यक्ती, म्हणजे इच्छुक संस्थांचे प्रस्ताव, मागवून दिला जातो. जाहिरात, छाननी, मान्यता, कार्यारंभ आदेश यात तीन-चार महिने सहज जातात, म्हणून १ नोव्हेंबरला दार उघडायचे असेल तर जाहिरात जुलैमध्ये निघाली पाहिजे. सगळ्यात मोठा दोष पैसे देण्याच्या पद्धतीत असतो. माणशी दर ठरवला की नोंदवहीत माणसे वाढतात, आणि खरीच माणसे कमी आली तर पगाराला पैसे उरत नाहीत. पगार, वीज, सफाई हे ठरावीक रकमेत द्या. जेवण आणि साबण तेवढे माणशी द्या. देयके तिमाही असतील तर पहिल्या तिमाहीचे पैसे आगाऊ मिळालेच पाहिजेत. लहान संस्था चार महिने पगार पदरचे देऊ शकत नाही, मग काळजीवाहक सोडून जातात, आणि ते जातात तेही नेमके डिसेंबरात. पैसा त्याच कामावर खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राची तारीख करारातच घाला. निवारा व्यवस्थापन समितीत राहणाऱ्यांपैकी दोघे, त्यातली एक बाई, महापालिका रुग्णालयाचा डॉक्टर आणि पोलीस ठाण्याचा प्रतिनिधी हवा. मनोरुग्णाला हाताळण्याचे काम काळजीवाहकाच्या गळ्यात मारू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. हे कलम लिहिलेला कागद काळजीवाहकाच्या टेबलावर काचेखाली ठेवा.

मागणी करण्याआधी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे तीन वेगळे अर्ज करा. एकात बेघर निवाऱ्याच्या लेखाशीर्षाखालची गेल्या तीन वर्षांची तरतूद आणि खर्च. दुसऱ्यात प्रत्येक निवाऱ्याची क्षमता आणि डिसेंबर-जानेवारीतली रोजची हजेरी. तिसऱ्यात कराराची प्रत आणि देयके मंजूर झाल्याच्या तारखा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. म्हणजे डिसेंबरात मागणी द्यायची तर अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला पाहिजे. तरतूद भरपूर आणि खर्च थोडा असे दिसले तर भांडण पैशाचे नसून अंमलाचे आहे, आणि मग निवेदनाची भाषा बदलते. टिपणाची एक प्रत उपजीविका अभियानाचा कक्ष पाहणाऱ्या उपायुक्तांना, एक मुख्य लेखाधिकाऱ्यांना, एक स्थायी समितीच्या सभापतींना आणि एक आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना द्या. मुख्य लेखाधिकाऱ्यांना बहुतेक जण विसरतात, अंदाजपत्रकाची ओळ मात्र तिथेच लिहिली जाते. टिपण दोन पानांचे: एका पानावर मोजणीचा तक्ता, दुसऱ्यावर वर दिला तसा खर्च.

आणि यंदाच्या थंडीत घाटावर जाणारच असाल, जायलाच हवे, तर ब्लँकेटच्या आधी अंगाखाली घालायला जाड फोमची शीट द्या, मग कानटोपी आणि मोजे. रात्री दहाच्या आत जाऊ नका, खरे कोण कुठे झोपते ते त्यानंतर दिसते. ओले कपडे असतील तर कोरडे द्या, ओल्यावर ब्लँकेट घातल्याने ऊब येत नाही. थरथरणारा माणूस अजून लढतो आहे. थरथर थांबली, बोलणे जड झाले, हाक मारली तर अर्धवट ओ देतो आहे, तर शरीराचे तापमान धोक्याच्या खाली उतरलेले असू शकते. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत आडवे ठेवा, ओले कपडे हलक्या हाताने काढा, छाती-पोट कोरड्या ब्लँकेटने गुंडाळा, खालीही घाला. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ ओढू नका, दारू तर देऊच नका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गोड, कोमट चहा, घोटघोट.